शिकागो आणि मिलवॉकी: एकाच तळ्याकाठची दोन बंदरं

मिशिगन तळ्याच्या पश्चिम काठावर ही दोन शहरं, अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर. शिकागोला शहराचा दर्जा १८३७ मध्ये मिळाला, मिलवॉकीला १८४६ मध्ये. निसर्गाने झुकतं माप दिलं होतं मिलवॉकीला: तिथे ऐसपैस उपसागर, तर शिकागो नदीचं मुख वाळूच्या दांड्याने अडलेलं. तो दांडा कापून जहाजांना वाट करून द्यावी लागली.

तरीही बाजी शिकागोने मारली. १८४८ मध्ये कालव्याने त्याला मिसिसिपी खोऱ्याशी जोडलं आणि त्याच वर्षी पहिली रेल्वेही धावली. त्याहून निर्णायक ठरला नकाशा. पूर्वेकडून येणाऱ्या रुळांना तळ्याच्या दक्षिण टोकाला वळसा घालावाच लागे, आणि वळसा संपतो तिथेच शिकागो. १८७१ च्या आगीत जवळपास एक तृतीयांश लोक बेघर होऊनही रूळ, गोदामं, व्यापार टिकला. १८९० मध्ये वस्ती दहा लाखांवर गेली.

मिलवॉकी मात्र सुरुवातीला आपसातच भांडत होती. नदीच्या दोन तीरांवरच्या वस्त्यांनी १८४५ मध्ये पुलांवरून चक्क मारामारी केली. दोन्हीकडचे रस्ते समोरासमोर आखलेच नव्हते, म्हणून तिथले काही पूल आजही तिरके! पुढे गव्हाची निर्यात, जर्मन स्थलांतरित, बिअर आणि यंत्रकारखान्यांवर शहर उभं राहिलं.

आकारात तुलनाच नाही. पण कारभारात मला मिलवॉकी सरस वाटते: १९१० पासून तिथे तीन समाजवादी महापौर झाले, आणि त्यांचा भर सांडपाणी, बागा, सार्वजनिक आरोग्य यांवर होता.