पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन: घ्या, पण पॅकेज नीट वाचून

पित्ताशयातल्या खड्यांसाठीचं हे ऑपरेशन भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी सुरू केलं. आता ते तालुक्याच्या गावीही होतं. सेवा चांगली, जाहिरात मात्र अर्धवट.

‘चार भोकं, दुसऱ्या दिवशी घरी’ हे बहुतेकदा खरं असतं. एक भोक बेंबीपाशी, एक छातीच्या हाडाखाली, दोन बारीक उजव्या बरगडीखाली. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा. त्यामुळे श्वासपटल चिडतं आणि नंतर दोन-तीन दिवस खांदा दुखतो. हे आधी सांगितलेलं नसलं की पेशंट हृदयाचं काही झालं म्हणून हादरतो. आणि नुसते खडे काढत नाहीत, पित्ताशयच काढतात. पिशवी ठेवली तर खडे पुन्हा होतात.

खरी पारख आत होते. पित्ताशयाच्या मानेजवळची चरबी साफ करून, त्याचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सोडवून, आत जाणाऱ्या दोनच गोष्टी, म्हणजे नळी आणि धमनी, स्पष्ट दिसल्याशिवाय त्या बंद करणारी क्लिप लावायची नसते. सूज फार असली की सगळं एकमेकांना चिकटतं, यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य पित्तनलिकाच पित्ताशयाची नळी वाटते आणि कापली जाते. ती दुरुस्त करायला मोठं ऑपरेशन लागतं. म्हणून अडचण दिसताच पोट उघडणारा सर्जन शहाणा. ‘आम्ही कधीच उघडत नाही’ असं सांगणाऱ्यापासून जरा लांबच राहा.

पॅकेजमध्ये पोट उघडावं लागल्यास वाढणारा खर्च धरलाय का, काढलेलं पित्ताशय पॅथॉलॉजीला जातं का, हे विचारा. कावीळ झाली असेल किंवा सोनोग्राफीत मुख्य नलिका फुगलेली दिसत असेल, तर खडा तिथे अडकलेला असू शकतो. मग एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) आणि बहुधा ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून नलिकेतला खडा काढणं) लागते. त्याचं बिल सहसा वेगळं येतं.

सोनोग्राफीत सहज सापडलेल्या, न दुखणाऱ्या खड्यांसाठी मात्र बहुतेकांना ऑपरेशनची गरज नसते.

घरी गेल्यावर पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढली, ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर टाके काढायच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी परत जा. पित्त गळत असू शकतं.