मालवणातलं तीन दिवसांचं ट्रेनिंग, पाचपैकी साडेतीन स्टार

निपुण भारत, म्हणजे लहान पोरांना नीट वाचता-लिहिता आणि गणित यावं म्हणून केंद्राने काढलेली मोहीम, २०२१ ला आली तेव्हापासून आम्हा शिक्षकांची इतकी ट्रेनिंगं झालीत की जाताना मी पिशवीत पेपर तपासायलाच घेऊन गेले होते, पण पहिल्या दिवशी ट्रेनिंग देणाऱ्या बाईंनी गोट्यांचे वाटे मांडले, बाजारात बांगड्याचे मांडतात तस्से, आणि म्हणाल्या ४३ बांगडे, पाचाचा वाटा, किती वाटे नि उरले किती? आठ वाटे, तीन उरले! आमच्या दुसरीच्या वर्गात अर्ध्या पोरांच्या आया मासे विकतात आणि मी आजवर भागाकार शिकवत होते सफरचंदांवर, जी इथे कोणाच्या झाडाला लागतात देव जाणे.

वाचनाचा तासही मस्त. पोरगं "माका व्हया" म्हणालं तर चूक म्हणून खोडायचं नाही, फळ्यावर तेच लिहायचं, शेजारी "मला पाहिजे", मग दोन्ही वाचून घ्यायचं. सोमवारी केलं तर एरवी गप्प बसणारी एक पोर चक्क फळ्याजवळ आली.

दुसरा दिवस मात्र फुकट. नुसत्या स्लाइडी, त्यात लाईट गेली, आणि धनगरवाड्यावरच्या बहुवर्ग शाळेत एकट्या गुरुजींनी हे कसं करायचं विचारलं तर "पुढे बघू". चहा पण थंड. जेवणातली सोलकढी झकास होती हां.