शस्त्रक्रियेच्या सकाळी चढलेला रक्तदाब: लगेच उतरवावा की थांबावे?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या वृद्ध रुग्णाचा रक्तदाब 180/110 च्या वर दिसला, की तो औषधाने तातडीने उतरवणे किंवा रुग्णाला शांत बसवून पुन्हा मोजणे आणि गरज पडल्यास तारीख पुढे ढकलणे, असे दोन मार्ग उरतात. पहिल्याने खोळंबा टळतो. मात्र वर्षानुवर्षे चढ्या दाबाला सरावलेल्या मेंदूचा व हृदयाचा रक्तपुरवठा अचानक घटून पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, आणि जिभेखाली निफेडिपिन हे रक्तदाब उतरवणारे औषध देण्याची जुनी पद्धत याच धोक्यामुळे मागे पडली. भीतीने चढलेला दाब पुष्कळदा धीराच्या शब्दांनी व विश्रांतीने खाली येतो; सकाळची नेहमीची गोळी राहिली का, हेही विचारावे. मोतीबिंदू सहसा थांबू शकतो, म्हणून मला दुसरा मार्गच योग्य वाटतो. दृष्टिपटल (डोळ्याच्या आतला मागचा पडदा) सुटले असेल, तर मात्र थांबता येत नाही आणि भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली दाब हळूहळू उतरवणे भाग पडते.