विंडोज ७ च्या जुन्या डब्यावर आजची सॉफ्टवेअर: दुकानात आठ महिने वापरल्यावर

आधी मशीन काय आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल. इंटेल कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर२ रॅम आणि विंडोज ७, तेही ३२-बिट, म्हणजे जुन्या जातीचं (आजची ६४-बिट असतात). २०१० ला असेंबल करून घेतलेला डबा. अंबाजोगाईत माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, मार्गशीर्षात योगेश्वरीच्या नवरात्राची पत्रकं, आणि मधल्या वेळेत परळी-लातूरहून गाडी पकडणाऱ्यांची रेल्वेची तिकिटं छापून देणं.

डबा फेकत का नाही, असं दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतंच. कारण त्याच्या पाठीमागे पॅरलल पोर्टात, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद खाचेत, एक काळं कुलूप बसलेलं आहे. पेजमेकर ७ या पानं जुळवायच्या प्रोग्रॅमसोबत मी जे मराठी फाँटचं सॉफ्टवेअर वापरतो, त्याचं हे हार्डवेअर लॉक; ते लावलेलं नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही. त्याचा ड्रायव्हर (विंडोजला ते ओळखायला लावणारा प्रोग्रॅम) ३२-बिट आणि डिजिटल सही, म्हणजे बनवणाऱ्याची खात्रीची खूण, नसलेला. ६४-बिट विंडोज असा ड्रायव्हर दारातच अडवतं. आणि माझ्या पंधरा वर्षांच्या फाइली त्याच फाँटात आहेत. परवाच एक गिऱ्हाईक आलं, २०१२ साली थोरल्याची पत्रिका माझ्याकडेच छापलेली. म्हणाले, "धाकट्याची तशीच करा, नुसती नावं बदला." ती फाइल उघडली, नावं बदलली, वीस मिनिटांत प्रूफ हातात. नव्या मशीनवर हेच काम करायचं तर अख्खी पत्रिका युनिकोडात, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, नव्याने टाइप करावी लागली असती.

म्हणजे जुनं काम जुन्या मशीनवर झकास चालतं. अडतं ते गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून "हे पीडीएफ पाठवू का?" म्हणतं तिथे. विंडोज ७ चा अधिकृत आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि क्रोम या विंडोजवर १०९ व्या आवृत्तीला, म्हणजे जानेवारी २०२३ ला थांबलं. त्यानंतर एकेक वेबसाइट "ब्राउझर अपडेट करा" म्हणून हटून बसायला लागली. गेल्या उन्हाळ्यात एक आजोबा सातबारा काढायला बसले होते. दहा मिनिटं पांढऱ्या पडद्याकडे बघून म्हणाले, "भैय्या, हे चालायलंय का झोपलंय?" त्या दिवशी ठरवलं, याचं काहीतरी करायचं.

पहिले पैसे रॅमवर घातले. ती चूक नव्हती, पण घाई होती. दोनाचे चार जीबी केले. ३२-बिट विंडोजने त्यातले सव्वातीनच वापरायला घेतले, बाकीचे बोर्डावर नुसतेच बसून आहेत. खरा फरक पडला तो २४० जीबीची एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क, टाकल्यावर. लातूरहून आणली. आधी सकाळी बटण दाबून समोरच्या टपरीवर चहा पिऊन यायचो. आता कप तोंडाला लागेपर्यंत डेस्कटॉप समोर असतो. हा बोर्ड एसएसडीचा पूर्ण वेग काढू शकत नाही हे मान्य, पण जुन्या हार्डडिस्कपुढे तोही पुष्कळ झाला. कुणाला एवढंच करायचं असेल तर एवढंच करा.

आता सगळ्यात जास्त डोकं खाल्लेली गोष्ट. एसएसडी टाकून आठवडा झाला नाही तोच एकही वेबसाइट उघडेना. सगळीकडे "तुमचं कनेक्शन खाजगी नाही". ब्राउझर काढून परत टाकला, अँटिव्हायरस बंद केला, राउटर बदलून बघितला. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पावती छापली तर वर तारीख १ जानेवारी २००९! बोर्डावरचा बटणासारखा सेल, सीआर२०३२, मेला होता. इकडे रात्री लाइट गेली, दुकानाचं मेन स्विच पाडलं, की सकाळी मशीन थेट २००९ मध्ये उठायचं. आणि २००९ मधून बघितलं तर आजच्या प्रत्येक वेबसाइटचं प्रमाणपत्र, म्हणजे तिचं ठरावीक मुदतीचं ओळखपत्र, "अजून सुरूच झालेलं नाही" असंच दिसणार. चाळीस रुपयांचा सेल, दोन दिवसांची मजुरी पाण्यात.

त्यानंतर प्रोग्रॅम टाकायची पाळी. नवा प्रोग्रॅम टाकला की पहिल्यांदा "एपीआय-एमएस-विन-सीआरटी" पासून सुरू होणारी एक डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी मदतनीस फाइल) सापडत नाही म्हणून रडगाणं. ही फाइल एकटी कुठूनतरी डाउनलोड करून सिस्टिम फोल्डरात टाकू नका, तो व्हायरस घरी बोलावण्याचा राजमार्ग आहे. ती मायक्रोसॉफ्टच्या युनिव्हर्सल सी रनटाइमचा भाग आहे, आणि केबी२९९९२२६ हा अपडेट टाकला की येते. तसाच केबी४४७४४१९ हाही लागतो. २०१९ पासून मायक्रोसॉफ्टने अपडेटवरची डिजिटल सही एसएचए-२ या नव्या पद्धतीची केली, आणि जुन्या विंडोज ७ ला ती सही वाचताच येत नाही. हा अपडेट म्हणजे त्याला ते वाचायला शिकवणं. मी फॉरमॅट मारून जुन्या सीडीवरून विंडोज टाकलं होतं, त्यामुळे हे सगळं हाताने करावं लागलं. एक रविवार त्यात गेला.

दुसऱ्या जातीचा एरर मात्र कुठल्याच अपडेटने जात नाही. "प्रोसीजर एंट्री पॉइंट... गेटसिस्टिमटाइमप्रिसाइजॲजफाइलटाइम... केर्नेल३२ मध्ये सापडला नाही." नाव वाचून घाबरायचं कारण नाही. अचूक वेळ सांगणारं हे एक फंक्शन विंडोज ८ मध्ये आलं, ७ मध्ये ते नाहीच. नवा प्रोग्रॅम विंडोजला विचारतो, नेमके किती वाजले? आणि आमचं मशीन, ज्याला परवापर्यंत सालसुद्धा धड सांगता येत नव्हतं, ते काय उत्तर देणार! यावर व्हीएक्सकेक्स नावाचं एक साधन आहे. प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये एक जास्तीचा टॅब येतो, तिथे टिक केली की अशी नसलेली फंक्शनं ते त्या प्रोग्रॅमला पुरवतं. मी तीन प्रोग्रॅमवर वापरून बघितलं. एक नीट चालतो, एक दर अर्ध्या तासाला बंद पडतो, तिसरा उघडलाच नाही. हौस म्हणून ठीक, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना नाही.

रोजच्या वापरात शेवटी दोन ब्राउझर टिकले. पहिला फायरफॉक्स ११५ ईएसआर (जास्त काळ सुरक्षा अपडेट मिळणारी आवृत्ती), जुलै २०२३ चा. विंडोज ७ वर चालणारी ही शेवटची आवृत्ती, पण फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने तिच्या सुरक्षा अपडेटची मुदत एकदा नाही, अनेकदा वाढवली. शिवाय फायरफॉक्स प्रमाणपत्रांची यादी स्वतःसोबत बाळगतो, विंडोजच्या शिळ्या यादीवर विसंबत नाही. दुसरा सुपरमियम, क्रोम ज्यावर बनतं त्या क्रोमियमचाच नवा कोड जुन्या विंडोजवर चालेल असा केलेला. जिथे फायरफॉक्स अडतो तिथे हा उघडतो. पण तो हौशी माणसाच्या जिवावर चाललेला प्रकल्प आहे, मोठ्या कंपनीचा नाही. त्यात मी पासवर्ड साठवत नाही. दोन्हींत चारपेक्षा जास्त टॅब उघडले की रॅम हात वर करते.

लिबरऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरबद्दल तक्रार नाही. २५.८ पासून त्यांनी विंडोज ७ सोडलं, मी २४.८ वर आहे आणि युनिकोड मराठीचे अर्ज त्यातच करतो. व्हीएलसी, सेव्हन-झिप चालतात, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मेसेजमधली नवी इमोजी चौकोन होऊन दिसतात. रुपयाचं चिन्हसुद्धा २०१० चं, विंडोज ७ त्याच्या आदल्या वर्षीचं, त्यामुळे तेही आधी अपडेट टाकूनच आलं.

भाचा लातूरला पॉलिटेक्निकला आहे. त्याचं एकच, "मामा, सरळ लिनक्स टाका ना." विंडोजऐवजी चालणारी ती फुकट सिस्टिम टाकून बघितली. इंटरनेटला विंडोज ७ पेक्षा कितीतरी बरं. पण कुलूप ओळखलं नाही, लेझर प्रिंटरही रुसला, आणि त्या दोघांशिवाय माझं दुकान म्हणजे नुसतं टेबल. मग म्हणाला, विंडोज ११ टाकू, नव्या हार्डवेअरची अट चुकवायच्या युक्त्या आहेत. त्याचीही गाडी अडली. २४एच२ या आवृत्तीपासून विंडोज ११ ला प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ नावाचा सूचनासंच लागतो, आणि ई७५०० मध्ये तो नाही. तिथे युक्ती चालत नाही.

सुरक्षेचं स्पष्टच सांगतो. बँक, यूपीआय, आधारचं कुठलंही काम या डब्यावर होत नाही. त्यासाठी जुना लॅपटॉप वेगळा घेतलाय. मे २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने सगळ्यात जास्त मशीनं पाडली ती विंडोज ७ चीच, आणि त्याचा पॅच दोन महिने आधीच येऊन पडला होता. नेटवर्कवर फाइली द्यायच्या-घ्यायच्या ज्या जुन्या एसएमबी१ पद्धतीतून तो घुसला, ती मी बंद केलीय. लॅपटॉपवरून फाइल त्यानंतरच्या एसएमबी२ ने येते, काही अडत नाही. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्हही आधी लॅपटॉपला लागतो, मग इकडे. लोक वैतागतात, वैतागू देत.

पाचपैकी गुण द्यायचे तर डीटीपीला साडेचार, इंटरनेटला दोन. ज्याच्याकडे असं कुलूप किंवा जुनी मशीनरी अडकलेली नाही, त्याने या भानगडीत पडूच नये. माझ्या बोर्डावरचे दोन कॅपॅसिटर आता वरून फुगलेत, एप्रिलचं ऊन आणि पत्र्याचं छप्पर. लातूरच्या दुरुस्तीवाल्याकडे जी३१ चा एक बोर्ड पडून आहे, पॅरलल पोर्टसकट. आठशे म्हणतोय. सोमवारी जाऊन बघतो, सहाशेला देतो का.