मायक्रोसर्व्हर जेन 8 : ओडीडी पोर्टवरच्या एसएसडीवरून बूट, काही महिन्यांच्या वापरानंतर

एचपीचा मायक्रोसर्व्हर जेन 8 हा छोटा सर्व्हर अजून घरी चालवत असाल तर हे वाचा, कारण डीव्हीडीच्या जागेतल्या एसएसडीवरून बूट कसं करायचं हा प्रश्न यात येतोच. चारही बेमध्ये (डिस्कच्या खणांत) डेटाच्या मोठ्या डिस्क आणि सिस्टिम वरच्या डीव्हीडीच्या जागेत एसएसडीवर, असा बहुतेकांचा प्लॅन असतो, माझाही तोच. बसवायला सोपं आहे, फक्त तिथे पॉवर जुन्या फ्लॉपीवाल्या छोट्या चार पिनची मिळते म्हणून कन्व्हर्टर केबल लागते. तिथला ओडीडी पोर्ट, म्हणजे डीव्हीडी ड्राईव्हसाठीचा, 3 जीबीपीएसचाच आहे, पण सिस्टिम डिस्कला भरपूर झालं.

आता बूटचं. एफ9 दाबून सेटअपमध्ये गेलात की बूट ऑर्डरला सीडी, यूएसबी, हार्ड डिस्क, नेटवर्क असे प्रकार वरखाली करता येतात, पण त्यातली नेमकी कुठली हार्ड डिस्क हे सांगता येत नाही. एएचसीआय मोडमध्ये (म्हणजे रेडशिवाय, डिस्क सुट्या दिसतात तेव्हा) पहिल्या बेमध्ये डिस्क असली की मशीन तिच्याकडेच जातं, तिच्यावर बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) नसला तर तिथेच थांबतं, ओडीडी पोर्टपर्यंत येतच नाही. आणि बायोसची नवी पद्धत, यूईएफआय, या मशीनमध्ये नाहीच, सगळा जुना बायोसचा कारभार.

एक उपाय म्हणजे बोर्डवरचा बी120आय रेड कंट्रोलर (डिस्क एकत्र जोडून चालवणारा) चालू करून एसएसडीचा एकट्याचा रेड 0 बनवायचा आणि तो बूट व्हॉल्यूम ठरवायचा. चालतं, पण मला डेबियन लिनक्स आणि डिस्क स्वतःच सांभाळणारी झेडएफएस फाईल सिस्टिम वापरायची होती, मध्ये रेड कंट्रोलर नकोच. दुसरा, पहिल्या बेच्या डिस्कवर ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, टाकायचा. हा मला अजिबात पटत नाही, डेटाची डिस्क गेली की तिच्यासोबत बूटही जाणार.

मग बोर्डवर जो मायक्रोएसडीचा स्लॉट आहे त्यात छोटं कार्ड टाकलं आणि त्यावर फक्त ग्रब. बायोसला ते कार्ड यूएसबीसारखं दिसतं, बूट ऑर्डरमध्ये यूएसबी हार्ड डिस्कच्या वर घेतली की झालं. यूएसबी ऑप्शन्समध्ये आतलं एसडी कार्ड पहिलं अशी सेटिंग आहे तीही करून टाका, म्हणजे मागे कोणी पेन ड्राईव्ह लावून ठेवला तरी फरक पडत नाही.

खरी मेख ग्रबच्या कॉन्फिगमध्ये आहे. नेटवर बऱ्याच ठिकाणी एचडी5 लिहून चेनलोड करा, म्हणजे त्या नंबरच्या डिस्कवरच्या बूटलोडरकडे पाठवा, असं सांगतात, म्हणजे कार्ड शून्य, चार बे एक ते चार आणि एसएसडी पाच. हे चारही डिस्क जागेवर असतील तोवरच खरं, एक काढली की एसएसडी चार नंबरवर येते आणि बूट बंद, तेही नेमकं डिस्क खराब झाल्यावर जेव्हा सर्व्हर चालू हवाच असतो तेव्हा. म्हणून नंबर लिहूच नका, सर्च कमांडने एसएसडीच्या पार्टिशनचा यूयूआयडी (त्याचा कायमचा ओळख क्रमांक) शोधायचा आणि कॉन्फिगफाईलने एसएसडीवरचीच ग्रबची फाईल उघडायची. कर्नल अपडेट झाला की डेबियन ती फाईल स्वतः बदलतो, कार्डाला हात लावावा लागत नाही.

इतक्या महिन्यांत तिसऱ्या बेची डिस्क काढून नवीन टाकली, कर्नल कितीतरी वेळा बदलले, पावसाळ्यात लाईट जाऊन यूपीएस संपला तेव्हा लाईट आल्यावर मशीन आपोआप चालू होऊन सिस्टिमपर्यंत गेलं, कोणाला कीबोर्ड लावून बसावं लागलं नाही. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यासाठी सेटअपमध्ये ऑटोमॅटिक पॉवर ऑनची सेटिंग बघून घ्या. पोस्टला, म्हणजे चालू होतानाच्या हार्डवेअर तपासणीला, वेळ भरपूर लागतो, तो तसाच राहतो, कार्डाने काही बदलत नाही.

कार्डावर लिहिणं जवळपास होतच नाही म्हणून ते झिजायची भीती कमी, तरी लिनक्सच्या डीडी कमांडने दुसऱ्या कार्डावर कॉपी करून त्या कार्डावरून एकदा बूट करून बघा आणि मगच ते बाजूला ठेवा. मी ते दार उघडल्यावर आत चिकटवून ठेवलंय, वर एसएसडीचा यूयूआयडी लिहिलेली चिठ्ठी.