गोव्यातलं पार्सल आणि हजाराच्या आतली वाइन: सहा महिन्यांनंतर

मटणाला रेड, माशाला व्हाइट हा नियम गोव्याच्या पार्सलपुढे पहिल्याच आठवड्यात गळून पडतो. इथे बघायचं ते मसाल्यात विनेगर किती आणि मिरची किती. सोरपोतेल आणि विंदालू दोन्ही डुकराच्या मांसाचे, पण दोन्हीत सुरेचं (माडीचं) विनेगर मुरलेलं असतं. त्यापुढे शिराझसारखी स्वस्त रेड ठेवली की फळाचा स्वाद गायब होतो आणि जिभेवर फक्त तुरटपणा उरतो. वर मिरची असली तर अल्कोहोल ती आणखी पेटवतं, म्हणून लेबलवर 14 टक्के दिसलं की तिखट पार्सलसाठी ती बाटली नको.

सहा महिने वेगवेगळ्या बाटल्या पार्सलसोबत लावून पाहिल्यावर पसंतीला टिकली ती शेनिन ब्लांक ही व्हाइट. सुला कंपनीची सहज मिळते, तिला किंचित गोडी आहे आणि आंबटपणाही पुरेसा आहे. गोडी तिखट मवाळ करते, आंबटपणा विनेगरच्या बरोबरीने उभा राहतो. रेशाद म्हणजे लाल मिरची-विनेगरच्या मसाल्याचा बांगडा, कोळंबीचं आंबट-तिखट बालशांव, विंदालू, तिन्हींना हीच. बांगड्यासोबत रेड तर अजिबात नको: वाइनमधल्या लोहाची माशाच्या तेलाशी गाठ पडते आणि तोंडात नाणं चघळल्यासारखी चव येते.

चिकन काफ्रेयालमध्ये कोथिंबीर आणि हिरवी मिरची, त्यामुळे सोविन्यों ब्लांक ही हिरवट वासाची व्हाइट छान जमते. इसवणाच्या (सुरमईच्या) रवा फ्रायलाही तीच, पण पार्सल हाती येताच डब्याचं झाकण उघडा. वाफेने रवा मऊ पडला की कुठलीच वाइन तो वाचवत नाही. शाकुतीच्या रश्शात भाजलेलं खोबरं असतं, विनेगर फारसं नसतं. रेडला खरी संधी इथेच, तीही थंड करून. नाहीतर झिन्फांडेल रोझे ही गुलाबी वाइन. सोलकढी मात्र वाइनसोबत घेऊ नका, कोकमाच्या आंबटपणापुढे वाइन पाण्यासारखी लागते. (सोलकढीला तशीही कुणाची सोबत लागत नाही.)

गोव्याची गोड पोर्ट वाइन हेटाळण्यासारखी नाही. फ्रिजमधून काढलेली, 60 मिलीचा छोटा पेला आणि चोरीस (डुकराच्या मांसाचं गोवन सॉसेज) पाव. मिठाला, विनेगरला आणि चरबीला ती गोडी पुरून उरते. दुसऱ्या पेल्यानंतर मात्र घशात साखर बसते.

सगळ्यात जास्त चुका तापमानाच्या होतात. इथली 30 अंशांची खोली म्हणजे ‘रूम टेम्परेचर’ नव्हे. रेड 16 ते 18 अंशांवर हवी, त्यासाठी फ्रिजमध्ये दीड-दोन तास लागतात. व्हाइट 8 ते 10 अंशांवर. ऑर्डर देतानाच बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. 20 ते 25 मिनिटांत, म्हणजे पार्सल दारात येईपर्यंत, ती तयार होते. नुसत्या बर्फात जास्त वेळ लागतो, कारण खड्यांमधली हवा थंडावा पोचू देत नाही. फ्रीजरमध्ये ठेवून विसरलात तर वाइन गोठून फुगते आणि बूच वर ढकलते.

दुकानात काचेजवळ उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका, एसी नसेल तर दुकानच बदला. बूच वर आलेलं दिसलं तर वाइन तापलेली असण्याची शक्यता मोठी. स्वस्त व्हाइट शक्यतो वर्ष-दीड वर्षाच्या आत भरलेली बघून घ्या.

उरलेली वाइन स्वच्छ छोट्या बाटलीत काठोकाठ ओतून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस नीट राहते. त्यापुढे रेडचा अर्धा पेला कांदा-चोरीस परतताना टाका, फक्त मीठ नंतर चाखून घाला.