गोटा झालेले रनफ्लॅट आणि त्यांच्या जागी आलेले चार ऑल-सीझन

माझी मिनी कूपर एस मी वापरलेली घेतली, आणि आधीच्या मालकाचे चार रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) टायर तिच्याबरोबर माझ्या गळ्यात पडले. टायर या विषयातलं माझं ज्ञान तेव्हा ‘काळे असतात, हवा भरावी लागते’ एवढंच होतं. मग थंडीतल्या एका ओल्या सकाळी सिग्नल सुटला, मी दुसरा गिअर टाकला आणि पुढची चाकं जागच्या जागी भिरभिरली. ट्रॅक्शनचा, म्हणजे चाकं घसरतायत सांगणारा, पिवळा दिवा लुकलुकला, मागच्याने हॉर्न दिला. मी काही शर्यत लावत नव्हते, ऑफिसला निघाले होते.

त्या संध्याकाळी टायरच्या खाचांची खोली मोजायची पट्टी घेऊन गाडीपाशी उकिडवी बसले. बाहेरच्या कडेला ३ मिलिमीटर. ठीक आहे की, म्हटलं. मग स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून टायरची आतली कड बघितली, तर तिथे १.८. नवा टायर साधारण ८ मिलिमीटरचा असतो आणि बऱ्याच देशांत १.६ च्या खाली गेलेला टायर रस्त्यावर चालवणं बेकायदेशीर आहे. म्हणजे बाहेरून बरा दिसणारा माझा टायर आतून जवळजवळ गोटा होता. उभ्याने बघून टायर चांगला आहे म्हणणाऱ्यांवरचा माझा विश्वास तेव्हापासून उडाला. टायरच्या बाजूच्या भिंतीवर छापलेल्या डॉट क्रमांकाचे (टायरच्या उत्पादन-कोडचे) शेवटचे चार आकडे होते ३११७, म्हणजे २०१७ सालच्या ३१ व्या आठवड्यातला माल. रबराचं वयही झालं होतं.

पहिला मोह झाला तो पुढचे दोनच बदलण्याचा. गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाते, झिजतात तेही पुढचेच. पण दोनच नवे घ्यायचे तर ते मागे लावायचे असतात, कारण ओल्या वळणावर मागची पकड आधी सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि आपल्यासारख्या माणसाला ती सावरता येत नाही. मागचेही तसे संपतच आले होते. चारही बदलायचे ठरवलं आणि तो विषय तिथेच संपवला.

खरा घोळ रनफ्लॅटचा. अनेक मिनी फॅक्टरीतूनच रनफ्लॅट घालून येतात आणि त्यामुळे गाडीत स्टेपनीला जागाच ठेवलेली नसते. रनफ्लॅटची भिंत इतकी जाड आणि ताठ असते, की हवा पूर्ण गेली तरी ती गाडीचं वजन पेलते. साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं. रात्री निर्जन रस्त्यावर एकटीने जॅक लावायची वेळ येऊ नये, या एका कारणासाठी मी दोन आठवडे रनफ्लॅटच परत घ्यायचे म्हणत होते. पण तीच ताठ भिंत रोज प्रत्येक खड्डा जसाच्या तसा कण्यापर्यंत पोचवते. माझी आई मागच्या सीटवर बसली की घरी पोचेपर्यंत कमरेला हात लावून असायची. वर्षातून एखाद्या वेळी होणाऱ्या पंक्चरसाठी रोजची कंबरमोड, हा हिशेब मला पटेना. शेवटी साधे टायर घ्यायचे आणि डिकीत छोटा कॉम्प्रेसर आणि सीलंटची बाटली ठेवायची, असं ठरलं. ही बाटली खिळ्याच्या भोकाला चालते. भिंत फाटली तर ती काही कामाची नाही, तेव्हा गाडी उचलूनच न्यावी लागते. हे आधी मान्य करता येत असेल तरच रनफ्लॅट सोडावेत.

माप २०५/४५ आर१७, म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची. यात गंमत अशी, की याच गाडीला १६ इंची रिमवर १९५/५५ आर१६ हेही माप येतं. कागदावर गणित करून बघितलं. १७ इंचीचा बाहेरचा व्यास ६१६.३ मिलिमीटर, १६ इंचीचा ६२०.९. फरक पाच मिलिमीटरच्याही आत, म्हणजे स्पीडोमीटरला कळणारसुद्धा नाही. पण टायरची भिंत ९२ वरून १०७ मिलिमीटर होते. खड्ड्यांचा त्रास असेल आणि रिम बदलायची तयारी असेल, तर हा रस्ता ऑल-सीझनच्या (उन्हाळा-हिवाळा वर्षभर एकच ठेवायच्या टायरच्या) सगळ्या चर्चेपेक्षा जास्त आराम देईल. मी रिम बदलल्या नाहीत. कारण निव्वळ दिखाऊपणा, १७ इंचीच छान दिसतात.

मापापुढचा आकडा लोक वाचत नाहीत, तो वाचावा. ८४ म्हणजे एक टायर ५०० किलो पेलतो, ८८ म्हणजे ५६०. गाडीच्या पुस्तकात दिलेल्याच्या खाली उतरायचं नाही, वर गेलं तर चालतं. त्यापुढचं अक्षर वेगाचं असतं. एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटर. तो काटा मी आयुष्यात बघणार नाही, पण त्या अक्षरासाठी टायरला तेवढ्या वेगाची उष्णता सोसावी लागते, आणि अशा टायरची बांधणी बहुधा स्टिअरिंगला चटकन ऐकणारी असते. छोट्या चपळ गाडीची अर्धी मजा तिथेच आहे.

आता मूळ प्रश्न, ऑल-सीझन कुठला? इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण एकाच नावाखाली दोन वेगळ्या जातीचे टायर विकले जातात हे कुणी धड सांगत नाही. एक जात थंडीकडे झुकलेली. मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट २ हा त्यातला ओळखीचा चेहरा. मधोमध बाणासारखी व्ही आकाराची नक्षी, आणि भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण असं चिन्ह. हे चिन्ह टायरने बर्फावरची ठरावीक चाचणी पार केल्याशिवाय मिळत नाही. नुसतं एम+एस (मड आणि स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्यामागे अशी चाचणी असेलच असं नाही. नक्षीत पुरेशा मोकळ्या खाचा असल्या तरी ती अक्षरं छापता येतात. मीही सुरुवातीला ही दोन चिन्हं एकच समजत होते.

दुसरी जात म्हणजे स्पोर्टी गाड्यांसाठीचे ऑल-सीझन. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ किंवा कॉन्टिनेन्टलचा एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस०६ प्लस. हे मुळात कोरड्या आणि ओल्या रस्त्याचे टायर; अधूनमधून पडणाऱ्या बर्फात अडकवणार नाहीत इतपत त्यांची तयारी असते. डोंगराचं चिन्ह या दोघांवर नाही, फक्त एम+एस आहे.

उन्हाळी टायर का नको, असं नवऱ्याने विचारलं. (त्याची गाडी वेगळी, मतं मात्र माझ्या गाडीबद्दल.) उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतं. रस्ता कोरडा असला तरी पकड कमी होते, आणि कडाक्याच्या थंडीत काही अति-स्पोर्टी उन्हाळी टायरना तडेही जाऊ शकतात. माझ्या त्या ओल्या सकाळी झिजलेल्या खाचा होत्याच, वर गारठलेलं रबर. वर्षभर पारा ७ च्या वरच राहत असेल, तर मात्र नवऱ्याचंच बरोबर आहे. मग ऑल-सीझन घेऊच नये, चांगला उन्हाळी टायर घ्यावा. पाऊस तोही उत्तम झेलतो.

मी वर्षातले माझे सगळ्यात वाईट दिवस आठवून बघितले. गाढ बर्फात मी गाडी काढतच नाही. पातळ, अर्धवट वितळलेला बर्फ वर्षातून चार-पाच दिवस. पाऊस आणि ४-५ अंशांची थंडी महिनोन् महिने. बाकी कोरडा, वळणांचा रस्ता, ज्यासाठी ही गाडी घेतली. उत्तर सरळ दुसऱ्या जातीचं आलं आणि मी डीडब्ल्यूएस०६ प्लस घेतले, ८८ डब्ल्यू, एक्स्ट्रा लोड (जास्त वजन पेलणारा प्रकार). बर्फातून रोज चढ चढून कामावर जाणाऱ्या माणसाने याच हिशेबाने क्रॉसक्लायमेट २ घ्यावा, माझं ऐकू नये.

भिंतीवर ५६० एए ए असंही लिहिलेलं असतं. ५६० हा झिजण्याचा आकडा, १०० धरलेल्या नमुना टायरच्या तुलनेत. तो कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही. एए हे ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावल्याचे गुण आहेत. वळणाबद्दल ते एक शब्द बोलत नाहीत, आणि मला तर वळणाचंच पडलं होतं.

बसवायला गेले तिथे एक किस्सा झाला. या टायरची नक्षी दोन्ही बाजूंना सारखी नसते. एका भिंतीवर ‘आउटसाइड’ लिहिलेलं असतं आणि ती बाजू बाहेर दिसली पाहिजे. बॅलन्सिंग झालं, बोल्ट आवळून झाले, आणि मी सहज फेरी मारली तर मागच्या डाव्या चाकावर ‘इनसाइड’ माझ्याकडे बघून हसत होतं. मी दाखवलं. बसवणारा म्हणाला, ‘चालतं हो मॅडम, काही फरक पडत नाही.’ मी म्हटलं, ‘मग तिथे लिहिलंय कशाला?’ तो गप्प झाला, पुन्हा चाक काढलं, टायर उलटा केला आणि बॅलन्सिंग नव्याने करावं लागलं. दुकानाचं नाव घेत नाही, पण पैसे देण्याआधी चारही चाकांभोवती एक चक्कर माराच. आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. माझ्या जुन्या टायरची आतली कड खाल्ली गेली होती ती चाकांचा कोन बिघडल्यामुळे. तसंच सोडलं असतं तर नव्यांचंही तेच झालं असतं.

जुना टायर उचलून डिकीत ठेवताना वजन हाताला जाणवलं. नवा उचलला तर चक्क हलका. चाकावरचं वजन कमी झालं की स्प्रिंगला काम कमी पडतं, हे वाचून माहीत होतं. पहिल्याच स्पीड ब्रेकरवर ते पाठीला समजलं.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर मात्र मी हिरमुसले होते. स्टिअरिंग वळवावं आणि गाडीने क्षणभर विचार करून मग वळावं, असं वाटायचं. रनफ्लॅटच्या दगडी भिंतीची सवय होती. शिवाय नव्या टायरच्या उंच ठोकळ्यांना, त्यांत बर्फासाठी बारीक चिरा पाडलेल्या असल्यामुळे, वळणावर थोडी लवचीक हालचाल असते. ऑल-सीझनचा हा स्वभावच आहे. ठोकळे थोडे झिजले, माझेही हात निवळले, आणि हजारेक किलोमीटरनंतर तो विचार करण्याचा क्षण जवळपास नाहीसा झाला. पूर्ण नाही. चांगल्या उन्हाळी टायरवर ही गाडी जशी मनातलं ओळखून वळते, तशी यावर वळत नाही, सांगितलं की वळते. बदल्यात ओल्या रस्त्यावर ती जे करते ते मला जास्त मोलाचं आहे. त्याच सिग्नलवर, तशाच पावसात, पिवळा दिवा परत लागलेला नाही. मी मुद्दाम लावायचा प्रयत्नही केला, एकदा, मागे कोणी नसताना.

बर्फ दोनदा भेटला. घोट्याच्या खालचा, ताजा. चढावर गाडी शांतपणे चढली, उतारावर मी नेहमीपेक्षा बरंच अंतर ठेवून ब्रेक लावले आणि ती थांबली. गोठलेल्या काचेसारख्या बर्फावर मात्र हे टायर काही जादू करत नाहीत. तिथे मी दहाच्या वेगाने जाऊनही गाडी हातभर घसरली, पोटात गोळा आला.

आवाज? रनफ्लॅटपेक्षा कमी, खडबडीत डांबरावर हलकी गुणगुण. हवेकडे मात्र लक्ष द्यावं लागतं. तापमान साधारण सहा अंशांनी उतरलं की टायरचा दाब जवळपास एक पीएसआय पडतो, त्यामुळे थंडीच्या पहिल्या आठवड्यात इशाऱ्याचा दिवा लागला की आधी पंक्चर शोधायला खाली वाकू नका, हवा मोजा. ती गार टायरवर, गाडी चालवण्याआधी मोजायची.

या टायरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट नक्षीत लपलेली आहे. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर डी (ड्राय, कोरडा), डब्ल्यू (वेट, ओला), एस (स्नो, बर्फ) ही अक्षरं कोरलेली असतात. झिजत जाताना आधी एस पुसला जातो, म्हणजे बर्फाचे दिवस संपले. मग डब्ल्यू, म्हणजे पाऊस जपून. शेवटी डी गेला की टायरच संपला. पट्टी नको, आकडे नकोत. आईला हे दाखवलं तर ती दर रविवारी गाडीत बसण्याआधी वाकून बघते. कमरेची तक्रार बंद झालीय, त्याऐवजी हा नवा उद्योग. परवा म्हणाली, ‘एस आहे गं अजून, पण पुढच्या उजव्याचा जरा पुसट झालाय. तू वळणावर फार जोरात घेतेस.’

पुढच्या महिन्यात पुढचे मागे आणि मागचे पुढे करून घेणार आहे.